कंपनीची 'क्रेश पॉलिसी' (पाळणाघराच्या खर्चाला मदत) आणि टाय-अपवालं पाळणाघर: दीड वर्ष वापरून झालं, रेटिंग साडेतीन

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबलाय. लेक झोपली की थोडं थोडं टाईप केलंय त्यामुळे कुठे गाडी रुळावरून घसरली तर समजून घ्या. पाळणाघराचं नाव देत नाहीये, कंपनीचंही नाही, कारण दोन्हीकडे मला उद्या सकाळी परत जायचंय. पण आम्ही वाकडला राहतो, ऑफिस हिंजवडी फेज २, नवऱ्याचं खराडी. पुण्यातल्या लोकांना एवढ्यावरून आमच्या घरचा रोजचा ट्रॅफिकचा तमाशा कळला असेल.

तर मुद्दा पैशांचा. बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची मिळाली, त्यानंतर आई चार महिने येऊन राहिली, मग सासूबाई तीन महिने, मग दोघींनाही आपापले गुडघे आणि गावाकडचे नवरे आठवले (बरोबरच आहे त्यांचं, त्यांनी एकदा मुलं वाढवलीत) आणि लेक तेरा महिन्यांची असताना आम्ही पाळणाघर शोधायला निघालो. पहिलं जे सापडलं ते आमच्याच सोसायटीत, बी विंगमधल्या काकूंचं. घरगुती. सहा-सात मुलं, महिना साडेसात हजार, वरणभात मऊ करून भरवणार, झोपवताना थोपटणार, आणि संध्याकाळी घ्यायला गेलं की आज शी कितीदा झाली इथपासून आज कोणाला चावली इथपर्यंत सगळा रिपोर्ट तोंडी. मला अजूनही वाटतं की त्या थोपटण्याला तोड नाही. पण काकूंना वर्षातून दोनदा मुलीकडे बेंगलोरला जायचं असायचं, गणपतीत दहा दिवस बंद, आणि एकदा त्या पडल्या तर तीन आठवडे आम्ही दोघं आलटून पालटून वर्क फ्रॉम होम. मॅनेजरनं काही म्हटलं नाही पण अप्रेझलला आठवण ठेवली.

तेव्हा ऑफिसातल्या एका सीनियर मैत्रिणीनं विचारलं, "अगं तू क्रेशचं क्लेम करतेस ना?" मी म्हटलं कसलं क्लेम. किती वर्षं त्या कंपनीत होते मी! ऑफर लेटरच्या जोडपत्रात, पान अकराच्या तळाला, बारीक अक्षरात एक ओळ होती. ती एचआरनं वाचून दाखवली नाही आणि मीही वाचली नाही, तेव्हा लग्नही झालं नव्हतं.

कायद्याचं जरा सांगते कारण मला हे कोणी सांगितलं नव्हतं. २०१७ मध्ये मॅटर्निटी बेनिफिट ॲक्टमध्ये बदल झाला, रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच दुरुस्तीत कलम ११अ आलं की जिथे ५० किंवा जास्त कर्मचारी आहेत तिथे पाळणाघराची सोय पाहिजे. ५० म्हणजे एकूण माणसं, ५० बायका नव्हे, यावर आमच्या एचआरमधल्या पोराशी माझी दहा मिनिटं हुज्जत झाली. आणि ही सोय आहे हे नोकरीला लागताना बाईला लेखी कळवायचं हेही त्यातच लिहिलंय. रजेचा भाग १ एप्रिल २०१७ पासून आणि पाळणाघराचा १ जुलै २०१७ पासून लागू. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या ॲक्टच्या जागी नवा सोशल सिक्युरिटी कोड आला, त्यात तेच कलम ६७ म्हणून आहे, आकडा ५० चाच, आणि कंपनीनं स्वतः पाळणाघर काढलं पाहिजे असं नाही, बाहेरच्याचं वापरलं तरी चालतं असं त्यात स्पष्ट लिहिलंय. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यातही ५० चीच अट आहे आणि एक किलोमीटरच्या आतल्या काही कंपन्यांनी मिळून एकच पाळणाघर चालवायची मुभा आहे. त्यामुळे कोणी म्हणालं की "आमच्या ऑफिसात जागा नाही हो" तर ते उत्तर होत नाही.

पण कंपनीनं किती पैसे द्यायचे, हे कलमात नाही. इथेच सगळी गंमत आहे. कायदा म्हणतो सोय करा. फुकट, अर्ध्यात, की नुसती एका पाळणाघराची जाहिरात इंट्रानेटवर चिकटवून, ते ज्याच्या त्याच्या मनावर. माझ्या एका मैत्रिणीच्या कंपनीत सोय म्हणजे दहा टक्के डिस्काउंटचा कूपन कोड. बस्स. दुसरीकडे कॅम्पसमध्येच पाळणाघर आहे आणि पूर्ण फुकट, तिथे वेटिंग लिस्ट एवढी की बाळ पोटात असतानाच नाव घालावं लागतं, म्हणजे ज्या काळात आपल्याकडे कोणाला सांगायचंही नसतं त्या काळात एचआरला मेल करायचा. आमच्याकडे मधलं प्रकरण: कंपनीच्या यादीतल्या पाळणाघरात घातलं तर फीवर दहा टक्के सूट आणि वर कंपनी महिन्याला जास्तीत जास्त सहा हजार परत देणार, मूल सहा महिन्यांपासून सहा वर्षांचं होईपर्यंत.

आता हिशोब, कारण "सहा हजार मिळतात" ऐकून मीही उडी मारली होती. यादीतलं पाळणाघर घरापासून दीड किलोमीटरवर. पूर्ण दिवसाची फी १६,०००. दहा टक्के गेले, १४,४००. कंपनीचे सहा हजार वजा, ८,४००. इथपर्यंत मस्त. पण आमच्याकडे ते सहा हजार पगारात धरून येतात आणि त्यावर टॅक्स कापतात, माझ्या स्लॅबला २० टक्के आणि वर ४ टक्के सेस, म्हणजे १,२४८ गेले. मग ॲन्युअल चार्जेस १२,०००, त्यावर सूट नाही आणि कंपनीही देत नाही, महिन्याला हजार धरा. एकूण पडतात १०,६४८. काकूंचे साडेसात. म्हणजे "मदत" घेऊन माझा खर्च महिन्याला तीन हजारांनी वाढला!

नवऱ्यानं एक्सेलमध्ये हे सगळं मांडून दाखवलं आणि विचारलं मग कशाला. प्रश्न बरोबर होता. पण उलट बाजूनं बघितलं तर त्याच जागेचे विनामदत १७,००० झाले असते आणि ते आम्हाला जमलंच नसतं, फ्लॅटचा हप्ता आहे, गावी पैसे पाठवायचे असतात. मदतीनं स्वस्त काही झालं नाही, पण जे दार बंद होतं ते उघडलं. आणि वर्षाला दहा-पंधरा दिवसच बंद असणारी जागा मिळाली, जी मला त्या अप्रेझलनंतर फार महत्त्वाची वाटायला लागली होती. म्हणून घेतलं.

आता क्लेम. क्लेमला मी पाचपैकी दोन देईन आणि तेही त्या एचआरच्या पोराकडे बघून, त्याचा दोष नाही, पोर्टलचा आहे. बिल दर महिन्याच्या २० तारखेआत चढवायचं. बिल आईच्या नावावर पाहिजे. पहिल्या महिन्यात पाळणाघरानं ॲडमिशन फॉर्मवरचं पहिलं नाव उचललं, ते वडिलांचं, क्लेम रिजेक्ट. दुसऱ्या महिन्यात माझं नाव, पण लग्नाआधीचं आडनाव, कारण मी तेच लावते पण लेकीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव वेगळ्या पद्धतीनं लिहिलंय, परत रिजेक्ट. तिसऱ्या महिन्यात शिक्का अर्धा उमटलेला. शेवटी मी स्वतः पाळणाघराच्या ऑफिसात बसून बिलाचा नमुना वर्डमध्ये बनवून दिला, तो आता तिथल्या सगळ्या मुलांच्या आयांना देतात, माझी कायमस्वरूपी देणगी. अडकलेले पहिले दोन महिने मात्र बुडाले ते बुडालेच, १२,००० रुपये, "मागील कालावधीचे क्लेम ग्राह्य नाहीत". यावर मी एक दिवस फक्त रागावून काढला.

नवऱ्याच्या कंपनीतही विचारून बघितलं. तिथं पॉलिसी फक्त महिला कर्मचाऱ्यांसाठी आहे. म्हणजे समजा मी उद्या घरून छोटं काही काम सुरू केलं, किंवा पाच माणसांच्या स्टार्टअपमध्ये गेले, तर आमच्या घराला शून्य मदत, कारण नवरा पुरुष आहे. लेक त्याचीही आहे असं आमच्या दोघांचं मत आहे. कायद्यातही ५० मोजताना पुरुष चालतात, पण दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन मुलाला बघायची परवानगी लिहिलीय ती बाईलाच. बाय द वे त्या चार भेटींचं. भारी वाटतं ना वाचायला? आमचं पाळणाघर वाकडला, ऑफिस फेज २ ला, मध्ये भूमकर चौकातला ट्रॅफिक. चार भेटी राहू द्या, मी एक भेट मारून परत आले असते तर थेट संध्याकाळचा चहाच प्यायले असते. सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पाळणाघर ऑफिसपासून ५०० मीटरच्या आत असावं असं म्हटलंय. कागदावर हिंजवडीत ट्रॅफिक नसतो.

इन्कम टॅक्सचं पण खूप जणी विचारतात म्हणून एकदाच लिहिते. ८०सी मध्ये मुलांची ट्यूशन फी बसते, दोन मुलांपर्यंत, आणि त्यात प्लेग्रुप-नर्सरीची फीसुद्धा धरतात. पण पाळणाघराचा चार्ज, जेवणाचे पैसे, बसचे पैसे, डेव्हलपमेंट फी हे बसत नाही. म्हणून जिथे प्लेग्रुप आणि डेकेअर एकत्र आहे तिथे बिलात दोन्ही आकडे खरे काय ते वेगवेगळे लिहून मागा. आणि एवढं करूनही ते फक्त जुन्या रिजीमला. मी नव्यात आहे, मला शून्य. नवरा होमलोनमुळे जुन्यात, पण त्याची ८०सी ची दीड लाखांची मर्यादा पीएफ आणि होमलोनच्या मुद्दलातच भरून वाहते. म्हणजे आमच्या घरी ८०सी चा फायदा कागदावर भरपूर आणि हातात भोपळा.

सरकारी सोयीही मी बघितल्या, नाक मुरडून बाजूला टाकल्या नाहीत. गावठाणातल्या अंगणवाडीत लेकीचं नाव आहेच, वजन-उंची तिथे होते, सेविकाताई फार गोड आहेत. पण अंगणवाडीची वेळ दुपारपर्यंत, तीन वर्षांवरच्या मुलांना गरम जेवण आणि त्याखालच्यांना घरी न्यायचा आहार, दिवसभर मूल सांभाळणं हे तिचं कामच नाही. त्यासाठी वेगळी 'पाळणा' योजना आहे केंद्राची, पूर्वीची राष्ट्रीय क्रेश योजना, १ एप्रिल २०२२ पासून मिशन शक्तीखाली आली, त्यात अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर काढायचं, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. कल्पना एकदम बरोबर आहे. आमच्या अंगणवाडीला ते जोडलेलं नव्हतं. ताईंना विचारलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, इथं एकच खोली आहे, त्यात मी, मदतनीस, पोरं, आणि धान्याची पोती." आपल्या भागात आहे का ते मात्र नक्की विचारा, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या ऑफिसात कळतं, आणि विचारणारे वाढले तर बरंच.

सरकारी नोकरीवाल्यांचं वेगळंच. माझी जाऊ राज्य सरकारात आहे, तिला बालसंगोपन रजा १८० दिवस, अख्ख्या नोकरीत मिळून. तिची बहीण केंद्रात, तिला ७३०. दोघी भेटल्या की यावरून जे टोमणे चालतात ते ऐकण्यासारखे असतात. मी मध्ये बोलत नाही, मला दोन्ही नाही.

बरं आता पाळणाघराबद्दल, कारण रिव्ह्यू त्याचाही आहे. जागा स्वच्छ. दुसरा मजला, खिडक्यांना जाळ्या, गेटला कुलूप, आणि न्यायला येणाऱ्याचा फोटो रजिस्टरला जुळल्याशिवाय मूल हातात देत नाहीत. एकदा माझा सख्खा भाऊ वीस मिनिटं बाहेर उभा होता, तो चिडला, मी खूश. जेवण ठीक: सोमवार खिचडी, मंगळवार पोळी कुस्करून वरणात, बुधवारी उपमा, त्यात मटार फार, लेक मटार वेचून शेजारच्या ताटात टाकते. सीसीटीव्हीचं ॲप आहे, पहिल्या महिन्यात मी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून तेच बघत बसायचे, आता आठवड्यातून एकदा उघडते. ताप १०० च्या वर गेला की तासाभरात येऊन न्या असा नियम, बरोबर आहे पण त्या दिवशी कोण जाणार यावर घरी जे होतं त्याचा रिव्ह्यू मी इथे करणार नाही.

उशिराचे पैसे हा मात्र धंदा आहे. सात वाजता बंद, सात वाजून एक मिनिटाला अर्ध्या तासाचे २०० लागतात. पावसाळ्यातल्या एका महिन्यात मी २,६०० भरले नुसते उशिराचे, आणि तेही क्लेममध्ये बसत नाहीत. माझं म्हणणं, कंपनीला खरोखर मदत करायची तर सहा हजारांबरोबर साडेपाचनंतरच्या मीटिंगा बंद करा, त्याला तर खर्चही येत नाही.

आणि मावशी. दीड वर्षात तीन बदलल्या. पहिली लातूरकडची, लेकीला तिचा इतका लळा की घरी पण "माची माची" करायची. ती सोडून गेली कारण तिला महिना अकरा हजार मिळायचे आणि जवळच्या मॉलमध्ये हाऊसकीपिंगला चौदा. मी १४,४०० भरते आणि जी माझ्या मुलीला दिवसभर कडेवर घेते तिला अकरा, हे एकदा डोक्यात शिरलं की बाहेर जात नाही. तिचा स्वतःचा मुलगा साडेतीन वर्षांचा, दुपारपर्यंत अंगणवाडीत आणि नंतर शेजारणीकडे, शेजारणीला महिना दीड हजार. तिच्या मालकाकडे ५० माणसं नाहीत. त्यामुळे सहा हजारांची ती पॉलिसी, ते कलम, ते पोर्टल, यातलं काहीच तिच्यासाठी नाही.

आमच्या समोर टॉवरचं काम चालू आहे. तिथेही नोव्हेंबर २०२५ पर्यंत कायदा होता, बांधकाम कामगारांचा १९९६ चा, पन्नासपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली पाहिजे असा. पुण्यात काही साइटवर तारा मोबाईल क्रेशेस ही संस्था चांगलं काम करते, मूळ मोबाईल क्रेशेस दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवरच सुरू केलं होतं. आमच्या बाल्कनीतून मात्र जी पोरं दिसतात ती वाळूच्या ढिगावर असतात. पन्नास बायका होऊ द्यायच्या नाहीत हे सोपं असणार तेव्हा.

असो. कोणी नव्यानं सुरू करणार असेल तर माझं ऐका, तोंडी विचारू नका, मेल करा. "आपल्याकडे क्रेशची काही सोय आहे का हो" असं लाजत विचारलं की "बघतो" असं उत्तर येतं. मेलमध्ये कलमाचा नंबर घालून पॉलिसीची कॉपी मागितली की दोन दिवसांत पीडीएफ येते, मला आली. बाळ व्हायच्या आधी विचारा. सहा हजार की डिस्काउंट कोड, बिल कोणाच्या नावावर, मागचे महिने धरतात का, उशिराचे आणि वर्षाचे पैसे धरतात का, टॅक्स कापून देतात का, आणि यादीत नसलेलं पाळणाघर चालतं का. हा शेवटचा प्रश्न मी विचारलाच नव्हता आणि तिथेच फसले.

कारण गंमत ऐका. गेल्या महिन्यात बी विंगच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या. मी त्यांना सहज सगळं सांगितलं, तर म्हणाल्या मग मला घाल की यादीत. मी पॉलिसी परत काढून वाचली. यादीबाहेरचं पाळणाघर "विशेष मंजुरीने" चालतं! मालकाचा पॅन, शॉप ॲक्टचा (दुकाने आणि आस्थापना कायद्याचा) कागद आणि छापील बिल पाहिजे फक्त. काकूंच्या घरच्यांनी ऑनलाइन शॉप ॲक्टची सूचना भरली, वीसपेक्षा कमी कामगार असले की परवान्याची भानगड नसते, नुसती सूचना द्यायची. बिलबुक अप्पा बळवंत चौकातून छापून आणलं, वर बाळकृष्णाचं चित्र. काकू म्हणतात गणपतीत पाच दिवसच बंद ठेवेन आणि मदतीला एक बाई ठेवलीय.

साडेसात हजारांतून सहा परत आले तर टॅक्स जाऊन मला पडतील २,७४८. एक्सेल नवऱ्यानं आधीच केलंय. एचआरला मेल जाऊन आज अकरावा दिवस, पोर्टलवर "अंडर प्रोसेस" दिसतंय. मंजूर झालं तर रिव्ह्यू एडिट करेन, तोवर साडेतीनच.